पांधन बुजली, गाय रस्त्यावर आली

(मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांनी मागणी केल्यावरून छापत आहोत.)



आज आम्हाला बोलायला विषय दिला आहे तो मोकाट गुरांचा. विषय वाचून काही मंडळी गालात हसली, ते आम्ही पाहिले. दरवर्षी कोणी पाणी, कोणी आरक्षण, कोणी केंद्र सरकार अशा मोठ्या विषयांवर बोलतो आणि आमच्या वाट्याला आले रस्त्यावरचे ढोर! पण मित्रहो, ज्याच्या मोटारसायकलला रात्री वारासिवनी रोडवर बसलेली गाय आडवी आली, त्याला हा विषय लहान वाटत नाही. आणि ज्याच्या तोंडाशी आलेल्या धानाच्या बांधीत एका रात्रीत वीस गुरे शिरली, त्याला तर मुळीच नाही.

पोळ्यापासून सुरुवात करतो. पोळा आपण बालाघाटातही तितक्याच हौसेने करतो, जितका नदीपलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात होतो. आमच्या लहानपणी तोरणाखाली जोड्यांना उभे राहायला जागा पुरत नसे. आज जोड्या हातावर मोजाव्या लागतात, आणि गर्दी असते ती दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला, लाकडी नंदी घेऊन आलेल्या लेकरांची. खरे बैल कुठे गेले? नांगरणी ट्रॅक्टर करतो, कापणी हार्वेस्टर करतो, माल टेम्पो नेतो. गोऱ्हा जन्मला की घरात आनंद नाही, चिंता असते. वर्षातून एक दिवस आपण ज्याच्या शिंगांना रंग लावतो, त्याच्या गळ्यातले दावे उरलेल्या दिवसांत कधीतरी रात्रीच्या अंधारात सोडून देतो. हे करणारे परके नाहीत. आपलेच आहेत, आणि यातले काहीजण या सभेतही बसलेले असतील. राग मानू नका.

आपल्या मंडळाकडे लोक तक्रारी घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत दोन प्रकारच्या तक्रारी सर्वात जास्त आल्या. पहिली अशी की शेतात जायचा रस्ता शेजाऱ्याने बंद केला, पांधन नांगरली, तारेचे कुंपण घातले. दुसरी अशी की मोकाट गुरांनी जीव नकोसा केला, नगरपालिका काही करत नाही. पहिली तक्रार आपण तहसीलकडे पाठवतो, दुसरी पार्षदाकडे. दोन कागद, दोन कचेऱ्या, दोन फायली. आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे की या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. गुरांची वाट आणि गुरांची चराई आपण गिळली, आणि आता त्याच गुरांना कोंडून ठेवायचा खर्च आपणच करातून भरत आहोत.

एक उदाहरण देतो. गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही. शहराला लागून असलेल्या एका गावात दोन घरांचा वाद आमच्यापुढे आला. जुनी पांधन होती. बैलगाडी जाऊन शेजारून माणूस चालेल एवढी रुंद होती, असे म्हातारी माणसे सांगत. दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी दरवर्षी वीतभर वीतभर करून ती खाल्ली. शेवटी पायवाट उरली, आणि एका वर्षी तीही कुंपणात गेली. आम्ही चार माणसे दोन वेळा बसलो, चहा झाला, जुनी भांडणे निघाली, मोहाच्या झाडापासून मोजणी झाली. अखेर तोड निघाली की हंगामात ट्रॅक्टर आणि माणूस जाईल, वाट तेवढी मोकळी राहील. सगळ्यांनी हात जोडले. आम्हीही मोठे काम केल्याच्या थाटात घरी आलो.

घरी आल्यावर लक्षात आले की त्या तोडग्यात गुरे नव्हती. "गुरे नेऊ देणार नाही, पीक खातात," अशी अट होती आणि आम्ही ती मान्य करून आलो होतो. पांधनीच्या पलीकडे गावाची चराई होती, पाण्याचा बोडीतलाव होता. तिथवर जायची वाट बंद झाली तेव्हा त्या घराने दोन गाई विकायला काढल्या, गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि काही महिन्यांनी त्या गाई आम्हाला शहराच्या बाजारात भाजीच्या टोपलीत तोंड घालताना दिसल्या. आम्ही ओळखल्या. ज्याने सोडल्या त्याला दोष देणे सोपे होते. पण वाट बंद करणाऱ्या कागदावर साक्षीदार म्हणून आम्हीच होतो.

मित्रहो, आता थोडे मागे जाऊ. आपला जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला, मालगुजारीचा. मालगुजार गावाचा धनी असला तरी रयतेचा निस्तार त्याला तोडता येत नसे. जळणाला लाकूड, गुरांना चारा, तळ्याचे पाणी, गुरे उभी करायला आखर आणि जायला वाट, हे सगळे रिवाजाने चाले आणि बंदोबस्ताच्या वेळी वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात लिहून ठेवले जाई. 1951 साली मालगुजारी संपली. पडीक, चराई, तळी सरकारकडे आली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भंडारा मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. बावनथडी आणि बाघ या नद्यांच्या दोन्ही काठांवर एकच धान पिकते, एकच तणीस होते, पण कायद्याची पुस्तके वेगळी झाली. तिकडे शेतरस्त्याचा वाद 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली किंवा 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली चालतो. आपल्याकडे 1959 ची मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता लागते. गोंदियाच्या नातलगाचा सल्ला ऐकून चुकीच्या कलमाचा अर्ज घेऊन येणारे आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आपल्या संहितेचे कलम 131 प्रत्येकाने लक्षात ठेवावे. शेतात जायच्या वाटेवरून वाद झाला तर तहसीलदाराने जागेवर चौकशी करावी आणि पूर्वीचा रिवाज व सर्वांची सोय पाहून निर्णय द्यावा, असे ते कलम सांगते. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी वकीलसुद्धा पुष्कळदा वाचून दाखवत नाहीत. शेताच्या वाटेबरोबरच गावाच्या पडीक आणि चराईच्या जमिनीकडे जाणारी वाट आणि पाण्याची वाट यांचाही उल्लेख त्याच कलमात आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की शेतकऱ्याबरोबर त्याचे ढोरही चालते. विसरलो ते आपण. वाट अडवली तर दंडाची आणि अडथळा दूर करण्याची तरतूद पुढच्या दोन कलमांत, 132 आणि 133 मध्ये, आहे.

आता चराईचे बघू. कलम 237 प्रमाणे जिल्हाधिकारी गावातली मोकळी जमीन निस्तारासाठी राखून ठेवतात. चराई, चाऱ्याचे बीर, खळे, स्मशान, बाजार, खताचे खड्डे, गल्ल्या, रस्ते हे सगळे त्यात येते. गावाच्या एकूण शेतजमिनीच्या किमान दोन टक्के जमीन चराईला ठेवल्याशिवाय या राखीव जमिनीचा दुसरा वापर करता येत नाही, अशी मर्यादाही त्यात आहे. कोणत्या गावात काय राखले आहे ते निस्तारपत्रकात लिहिलेले असते. आता सांगा, आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गावाचे निस्तारपत्रक डोळ्यांनी पाहिले आहे? हात वर करा. बघा, एकही हात नाही. खसऱ्याची नक्कल प्रत्येकाच्या कपाटात आहे, कारण ती माझ्या जमिनीची. निस्तारपत्रक सर्वांच्या जमिनीचे, म्हणून ते कोणाच्याच कपाटात नाही.

आता कोंडवाड्याकडे वळू. आपल्याकडे त्याला कांजी हाऊस म्हणतात. हा 1871 च्या पशु अतिचार कायद्याचा पसारा, इंग्रजांचा. त्याची व्यवस्था मोठी हिशेबी होती. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने पकडावे, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यावे. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवून जाहीर सूचना लावायची, आणखी सात दिवस थांबायचे, तरी कोणी आले नाही तर जाहीर लिलाव. म्हणजे जनावर जास्तीत जास्त दोन-तीन आठवडे कोंडवाड्यात राहणार, आणि त्याच्या चाऱ्याचा पैसा दंडातून नाही तर लिलावातून निघणार. नगरपालिकेच्या तिजोरीला झळ नाही.

हे गणित एका गोष्टीवर उभे होते. प्रत्येक जनावराला किंमत होती आणि म्हणून मालक येत असे. आज ती किंमत उरली नाही. भाकड गाय आणि गोऱ्हा सोडवायला मालक येत नाही, उलट कोंडवाड्यात गेली तर सुटलो असे म्हणतो. लिलावाला बोली लागत नाही. मध्य प्रदेशात 2004 च्या कायद्याने गोवंशाचा वध पूर्णपणे बंद आहे, महाराष्ट्रात 2015 पासून आहे. त्या कायद्यांवर वाद घालायला आम्ही उभे नाही, आपल्यापैकी बहुतेकांना ते मान्यच आहेत. पण जनावर जगवायचे असे ठरवल्यावर ते दहा-बारा वर्षे खाणार आहे, आणि तो चारा कोणाच्या खिशातून यायचा, हेही ठरवायला नको का? दोन आठवड्यांची कोठडी आता जन्माची आश्रयशाळा झाली आहे, आणि हिशेब मात्र 1871 चाच चालू आहे.

थोडा आकड्यांत बोलतो. एका नगरपालिकेने फक्त शंभर गुरे सांभाळायची असे धरू. एका जनावराला रोज निदान सहा किलो सुका चारा लागतो. शंभरांचे सहाशे किलो, वर्षाचे 2,190 क्विंटल. पाणी रोज चार हजार लिटर, म्हणजे एक टँकर. शिवाय शेड, दोन-तीन माणसे, औषध, मेलेल्या जनावराची विल्हेवाट. नोंदणी झालेल्या गोशाळांना राज्य सरकारचे दर जनावरामागे रोजचे अनुदान पूर्वी 20 रुपये होते, 2025 मध्ये ते 40 रुपये झाले. चाळीसच्या दराने शंभर गुरांचे वर्षाला 14 लाख 60 हजार होतात. महाराष्ट्राने 2024 मध्ये देशी गाईंसाठी गोशाळांना रोज 50 रुपये जाहीर केले. आणि हे शंभर गुरांचे झाले. 2019 च्या पशुगणनेत आपल्या राज्यात मोकाट गुरे साडेआठ लाखांच्या आसपास होती. कितीही गोशाळा बांधा, एवढी गुरे भिंतीच्या आत मावणार नाहीत. 2019 मध्ये राज्यात एक हजार गोशाळांची योजना आली तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. पण शेड बांधायला एकदाच पैसे लागतात, चाऱ्याला रोज लागतात.

त्यात 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची मोकाट गुरे हटवून निवाऱ्यात ठेवण्याचे आदेश दिले. आदेश योग्यच आहे, माणसे मरतात. पण रस्त्यावरून उचललेले जनावर कुठेतरी न्यावे लागते, आणि ती जागा व तो चारा लहान शहरांच्या डोक्यावर येतो. ज्या पैशातून वॉर्डाची नाली आणि नळ व्हायचा, त्यातूनच तणीस घ्यायची.

आणि गंमत बघा. इकडे तणीस विकत घ्यायची, तिकडे हार्वेस्टर गेल्यावर शेतात राहिलेले धानाचे अवशेष आपण काडी लावून जाळतो. आपल्या बापजाद्यांनी पुंजणे रचली, मळणी केली, तणशीचा ढीग घरामागे लावला आणि उन्हाळा काढला. आज धूर शहरात येतो आणि चाऱ्याचे बिल नगरपालिकेत येते. याला म्हणतात आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

तेव्हा गोशाळा नको असे आमचे म्हणणे नाही. म्हातारे, जखमी, निराधार जनावर सांभाळायला ती हवीच. पण धडधाकट जनावराला चरायला जागा आणि जायला वाट दिली तर गायकी ठेवून त्याचा खर्च निम्म्याहून कमी होतो, हे सांगायला अर्थशास्त्री नको, कोणत्याही म्हाताऱ्या गायक्याला विचारा.

आता कठीण भाग. चराई मोकळी करायची म्हणजे अतिक्रमण काढायचे. 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गावाच्या सामाईक जमिनीवरची बेकायदा कब्जे काढून ती जमीन गावाला परत द्यावी, आणि सर्व राज्यांनी त्यासाठी योजना करावी. कित्येक वर्षांचा कब्जा आहे, पक्के बांधकाम आहे, वजन आहे, ही सबब चालणार नाही, असेही सांगितले. पण त्याच निकालात अपवादही आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी आदेशाने पट्टा दिला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना असेल, तर तिथे नियमित करता येईल.

हा अपवाद आम्ही का वाचून दाखवला? कारण आपल्या देशात अतिक्रमण हटवायचे ठरले की पहिला हातोडा झोपडीवर पडतो आणि शेवटचा, पडलाच तर, तारेच्या कुंपणावर. चोर सोडून संन्याशाला फाशी. पाच एकर चराई नांगरणारा सभेत पुढच्या खुर्चीवर बसतो आणि दोन खाटा टाकण्यापुरती जागा घेतलेल्या विधवेला नोटीस जाते. आपल्या मंडळाने अशा कामाला पाठिंबा देऊ नये. मोजणी करायची तर मोठ्या तुकड्यापासून करावी, आणि ज्याला राहायला दुसरी जागा नाही त्याची सोय आधी व्हावी. हे आमचे स्पष्ट मत आहे. कोणाला पटणार नाही, त्यांनी बोलावे, आम्ही ऐकू.

शहराच्या पोटात आलेल्या गावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. हद्द वाढते, शेताचे प्लॉट पडतात, नकाशावरची पांधन कॉलनीचा कोपरा होते. गाय मात्र रोज सकाळी आपल्या जुन्याच वाटेने निघते, हनुमान चौकात किंवा काली पुतली चौकात येऊन बसते. तिला हद्द बदलल्याची अधिसूचना कोणी वाचून दाखवलेली नाही. लेआउट मंजूर होताना जुनी वाट आणि जुनी चराई तपासायला हवी होती, आणि आक्षेप मागवले तेव्हा आपण लग्नाच्या पंगतीत होतो.

मंडळ म्हणून आपण काय करायचे, ते पाच गोष्टींत सांगून संपवतो.

पहिली, सभासदांनी आपापल्या गावाच्या निस्तारपत्रकाच्या आणि वाजिब-उल-अर्जाच्या नकला काढाव्यात. मिळत नसतील तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. या नकलांची एक फाईल मंडळाच्या कपाटात राहील.

दुसरी, शेतरस्त्याच्या वादात मंडळाची माणसे मध्यस्थी करतील तेव्हा तोडग्यात गुरांची वाट लिहिलेली असेल. नसेल तर त्या कागदावर आपली सही नाही. आम्ही केलेली चूक पुन्हा नको.

तिसरी, नगरपालिकेला निवेदन द्यायचे की कांजी हाऊसचा हिशेब अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. किती गुरे आली, किती सोडवली, किती मेली, चाऱ्याला किती खर्च आणि अनुदान किती, हे दर तीन महिन्यांनी फलकावर लागावे. ज्याचा हिशेब दिसत नाही त्याच्यावर संशयही येतो आणि त्यासाठी पैसाही मिळत नाही. यात पक्ष नाही. सत्तेत कोणीही असो, मागणी हीच.

चौथी, कापणीनंतर तणीस जाळण्याऐवजी गोळा करावी. आपले शंभर शेतकरी सभासद एकेक ट्रॉली देतील तर जवळच्या गोशाळेचा उन्हाळा निघेल. बदल्यात शेणखत घ्यावे. शंभर गुरांचे रोजचे शेण टनाच्या घरात जाते, ते आज ओझे आहे, उद्या खत होऊ शकते.

पाचवी, आणि ही सर्वात अवघड. आपल्या सभासदांपैकी ज्याच्या कुंपणात पांधन किंवा चराई आहे, त्याने ती स्वतः मोकळी करावी. नोटीस यायच्या आधी. इथे आम्ही कोणाकडे बोट दाखवत नाही. आमच्याच घराच्या शेताच्या एका धुऱ्याला जुनी पायवाट लागून होती. मोजणी करवून घेतली तेव्हा कळले की दीड हात आमच्याकडे आला आहे. वडिलांनी घेतला की आजोबांनी, कोण सांगणार. या उन्हाळ्यात आम्ही धुरा मागे घेतला. घरात थोडी कुरबूर झाली. दीड हाताने आम्ही गरीब झालो नाही.

उद्या कोणी विचारेल, मराठी मंडळाने भाषा, नाटक, गणपती सोडून पांधनीत कशाला पडावे? त्याला सांगा की या मातीत पांधन, आखर, गायकी, तणीस हे शब्दही आपलेच आहेत. वाटच राहिली नाही तर पांधन हा शब्द नातवाला शिकवून काय दाखवणार?

निस्तारपत्रकाच्या अर्जाचा नमुना दाराशी टेबलावर ठेवला आहे. जाताना एकेक घेऊन जा.

जय हिंद.